क्लबात पक्षीनिरीक्षणाचा गट काढायचाय, पण तिसऱ्या फेरीला तिघेच आले

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे नाशिकमधल्या एका मेंबर्स क्लबचे सभासद आहेत. क्लबात पोहण्याचा तलाव, बॅडमिंटन, कार्ड रूम, महिन्यातून एकदा हाउसी आणि सणासुदीचे कार्यक्रम चालतात. त्यांना तिथे पक्षीनिरीक्षणाचा गट सुरू करायचा आहे. क्लबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं तेव्हा साठेक जणांनी 'थम्सअप' टाकला. एप्रिलमध्ये पहिली फेरी काढली, सात जण आले. दुसरीला पाच, मे महिन्यातल्या तिसरीला तिघे. मानद सचिवांना भेटले तर ते म्हणाले, "आधी पंचवीस सह्या आणा, मग कार्यकारिणीपुढे ठेवू." आता पंचवीस नावं कशी जमवायची, आलेले लोक टिकवायचे कसे आणि बाहेरचा जाणकार बोलावता येईल का, असं त्यांनी विचारलं आहे.

मी नाशिकमध्येच एका क्लबच्या उपक्रम समितीत बरीच वर्षं काम करते. वाचन, जुनी गाणी, बागकाम, पहाटेचं चालणं असे वेगवेगळे गट सुरू होताना, टिकताना आणि बंद पडताना जवळून पाहिले आहेत. त्या अनुभवावरून सांगते, तुमची अडचण पंचवीस नावांची नाही. तुमचा गट सध्या तुमच्या एकट्याच्या खांद्यावर आहे आणि त्याची भेट अशी आखलेली आहे की कमी माणसं आली की ती फसल्यासारखी वाटते. या दोन गोष्टी सुधारल्या तर नावं आपोआप येतील. नाही सुधारल्या तर पंचवीस सह्या मिळूनही तुम्ही पुढच्या मे महिन्यात इथेच असाल.

आधी त्या साठ जणांबद्दल. त्यांनी खोटं सांगितलं नाही. 'पक्षी बघायला आवडतील का' या प्रश्नाला त्यांनी मनापासून हो म्हटलं, कारण ते कोणालाही आवडतातच. पण आवड असणं वेगळं आणि रविवारी पहाटे गाडी काढणं वेगळं. पुढच्या वेळी प्रश्नच बदला: "ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेसहाला क्लबच्या गेटवर येणार का? आणि पुढच्या सहा महिन्यांत एका फेरीचं एखादं काम घेणार का?" याला पाच जणांनी हो म्हटलं तरी तुमचा गट तयार आहे. ग्रुपवर विचारूही नका. पोहून बाहेर येणाऱ्याला, कँटीनमध्ये चहा घेणाऱ्याला, समोर उभं राहून, नाव घेऊन विचारा. क्लबात माणसं माणसाच्या बोलावण्याने येतात, सूचनेने नाही. माझ्या अनुभवात हे आजवर बदललेलं नाही.

त्या पाचांतून दोघं अशी शोधा की तुम्ही गावाला गेलात तरी फेरी होईल. विरजणाला चमचाभर दही पुरतं, पण ते लागतंच. हे दोघे पक्ष्यांमधले जाणकार असलेच पाहिजेत असं अजिबात नाही. उलट एक जण असा हवा की ज्याची क्लबात सगळ्यांशी ओळख आहे, जो बॅडमिंटनवाल्यांतही बसतो आणि कार्ड रूममध्येही. दुसरा किंवा दुसरी वहीत नीट लिहून ठेवणारी हवी. पक्ष्यांची माहिती तुमच्याकडे आहे, माणसांची माहिती त्यांच्याकडे असू द्या.

एप्रिल-मेमध्ये संख्या घटली याचं फार मनाला लावून घेऊ नका. नाशिकचा उन्हाळा, शाळांच्या सुट्ट्या, लग्नसराई, गावी जाणं, हे सगळं त्याच दोन महिन्यांत येतं. आणि पक्षीही तेव्हा कमी. हिवाळी पाहुणे परत गेलेले असतात. पाहणाऱ्याला नऊ वाजता घाम फुटतो आणि दिसतात तेच कावळे-साळुंक्या. नवख्या माणसाने पहिल्या फेरीतच मान टाकावी असाच हा हंगाम. जून ते सप्टेंबर पावसाचे, त्यात बाहेर पडणं बेभरवशाचं. म्हणून खरी सुरुवात ऑक्टोबरात करा. ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. ५ तारखेला वनाभ्यासक लेखक मारुती चितमपल्लींचा आणि १२ तारखेला पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींचा जन्मदिवस, म्हणून हा आठवडा. २०२० पासून राज्य शासनानेच तो जाहीर केला आहे. क्लबच्या वार्षिक कार्यक्रमपत्रिकेत घालायला याहून सोयीची तारीख मिळणार नाही, कारण कार्यकारिणीला 'हे कशासाठी' हे समजावून सांगावं लागत नाही.

आता भेटीच्या रचनेकडे येते. माझ्या मते सगळं यश यातच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भेट अशी ठरवा की तिघे आले तरी ती पूर्ण वाटावी आणि पंधरा आले तरी कोलमडू नये. त्यासाठी तीन गोष्टी कायम हव्यात: ठरलेला दिवस, ठरलेली वेळ आणि शेवटी ठरलेलं एक काम. महिन्याचा दुसरा रविवार म्हटला की दुसराच रविवार. 'या वेळी सगळ्यांना जमेल असा दिवस ठरवू' म्हणून मतदान घेऊ नका. मतदानात जो दिवस निवडला जातो त्या दिवशी ज्यांना जमत नाही ते दुखावतात, आणि ज्यांनी निवडला त्यांच्यातलेही निम्मे येत नाहीत. ठरलेला दिवस असला की माणूस हळूहळू त्याभोवती आपली कामं लावतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये काम करणारे सभासद असतील तर त्यांना तीन महिने आधी तारीख माहीत असणं फार मोलाचं असतं. वेळ ऋतूनुसार थोडी हलवा. ऑक्टोबरात नाशिकला साडेसहाच्या सुमारास उजाडतं, डिसेंबरात सूर्य सातच्या आसपास वर येतो. डिसेंबरातही साडेसहाचाच हट्ट धरलात तर लोक अर्धा तास अंधारात कुडकुडतील.

ठरलेलं काम म्हणजे नोंद. फेरी संपल्यावर सगळे दहा मिनिटं बसतात, काय काय दिसलं ते एक जण वहीत लिहितो, आणि ती यादी क्लबच्या नोटीस बोर्डावर लागते. हे दिसायला छोटं आहे, पण तिघेच आले तरी काहीतरी घडलं याचा पुरावा त्या दिवशी तयार होतो. सोमवारी तो कागद वाचणारा चौथा माणूस पुढच्या रविवारचा तुमचा सभासद असतो. शिवाय तीच यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकता येते, म्हणजे क्लबाबाहेरही तिचा उपयोग होतो. फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक पक्षीगणना असते. तिच्यात घरच्या किंवा क्लबच्या अंगणात पंधरा मिनिटं उभं राहून केलेली मोजणीही चालते. सांध्यांमुळे लांब चालू न शकणाऱ्या ज्येष्ठ सभासदांना तेव्हा नक्की बोलवा.

पहिली फेरी क्लबच्या आवारातच करा. हे सुचवलं की नवे संयोजक नाराज होतात, त्यांना थेट धरणावर जायचं असतं. पण क्लबच्या कडुलिंबावर, उंबरावर, कुंपणाच्या मेंदीत काय काय राहतं ते तिथे रोज येणाऱ्या माणसाला माहीत नसतं. तांबट टुक टुक करत बसलेला असतो आणि पन्नास माणसं त्याच्याखालून गाड्या लावून निघून जातात. शिंपी, शिंजीर, दयाळ, बुलबुल, नाचण, भारद्वाज एवढे तर बहुतेक झाडी असलेल्या आवारात मिळतातच. ऑक्टोबरनंतर भिंतीवर शेपटी थरथरवणारा थिरथिरा आणि हिरवळीवर धोबी येतात. 'आपल्या क्लबचे पक्षी' अशी एक कायमची यादी बोर्डावर लावा: पक्षी, तारीख आणि ज्याने पहिल्यांदा पाहिला त्याचं नाव. ते नाव फार महत्त्वाचं आहे. आमच्याकडे बागकाम गटाने झाडांची अशीच यादी लावली, तेव्हा वर्षानुवर्षं रमी सोडून कशाकडे न बघणारे एक काका खिडकीतून दिसणाऱ्या झाडाची चौकशी करायला आले आणि पुढे गटाची वही तेच ठेवू लागले.

दुसरी फेरी गावातच: पांडवलेण्यांच्या पायथ्याचं नेहरू वनोद्यान किंवा गंगापूर धरणाचं बॅकवॉटर, तुमच्या क्लबपासून जे जवळ असेल ते. साडेनऊपर्यंत लोक घरी पोचले पाहिजेत. नांदूर मध्यमेश्वर डिसेंबर किंवा जानेवारीसाठी राखून ठेवा. ते नाशिकहून चाळीसेक किलोमीटरवर निफाड तालुक्यात आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर बंधाऱ्यामुळे तयार झालेली ही पाणथळ जागा १९८६ मध्ये अभयारण्य झाली, आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली. चापडगावच्या बाजूने निरीक्षण मनोरे आहेत, वनखात्याचं प्रवेश शुल्क आहे, आणि गावातलेच प्रशिक्षित गाइड मिळतात. ते जरूर घ्या. तिथल्या पाण्यावर वारकरी, चक्रवाक, थापट्या, हळदीकुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी आणि शेकाट्या पहिल्याच तासात नवख्यालाही ओळखता येतात, कारण ते मोठे असतात, उघड्यावर असतात आणि बराच वेळ एका जागी असतात. माणसाला आत्मविश्वास तिथे येतो. फक्त निफाडची थंडी ध्यानात ठेवा. पारा कुठवर उतरला याची बातमी दर हिवाळ्यात उगाच छापून येत नाही. कानटोपी, जाड स्वेटर, थर्मासमधला चहा याची सूचना दोन दिवस आधी द्या. आणि येत्या काळात २०२७ च्या सिंहस्थामुळे शहरातली वाहतूक आणि रस्त्यांची कामं यांचा अंदाज घेऊन निघण्याची वेळ ठरवा.

फेरीनंतर मिसळ हवीच. हे मी गांभीर्याने सांगते आहे. नाशिकमध्ये रविवारी सकाळी चार माणसं एकत्र आली आणि मिसळ न खाता घरी गेली तर त्यांची ओळख अर्धीच राहते. जे सभासद चालताना एकमेकांशी बोलले नाहीत ते मिसळीच्या टेबलावर बोलतात, आणि पुढच्या फेरीला त्या ओळखीसाठी येतात. पण नियम पहिल्या दिवसापासून टीटीएमएम ठेवा. एखादा उदार सभासद "आज माझ्याकडून" म्हणाला की पुढच्या वेळी दुसऱ्यावर ते ओझं येतं, आणि ज्याला परवडत नाही तो कारण न सांगता यायचा थांबतो. खाणं फेरी आणि नोंद झाल्यावर, आधी नाही.

पावसाळ्यातले चार महिने मोकळे सोडू नका. हॉलमध्ये एक तासाची बैठक, तोच दुसरा रविवार. पक्ष्यांचे आवाज ऐकून ओळखणं, सभासदांनी काढलेले फोटो, घरट्यांबद्दल गप्पा. मर्लिन नावाचं मोफत अॅप आवाजावरून पक्षी सुचवतं, ते सगळ्यांच्या फोनवर बसवून देण्यातच एक बैठक आनंदात जाते. मात्र फेरीत त्या अॅपवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलवायचं नाही, विणीच्या काळात तर मुळीच नाही, आणि घरट्याचे जवळून फोटो घ्यायचे नाहीत. हे गटाचे नियम म्हणून पहिल्याच कागदावर लिहा. नंतर लिहिलेत तर ते कुणा एकाला उद्देशून लिहिल्यासारखे वाटतात.

बाहेरचा जाणकार बोलवावा का? जरूर, पण वर्षातून दोनदा, आणि पहिल्या दोन फेऱ्यांना नको. जाणकार असला की बाकीचे गप्प होतात. तो दाखवतो, हे बघतात, घरी जातात. छंदाचा गट अशाने व्याख्यानमाला होतो आणि वक्ता नसला की ओस पडतो. ब्रिटनमध्ये १९८२ पासून निवृत्त लोकांच्या 'थर्ड एज' संघटना आहेत. मूळ कल्पना १९७३ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझची, तिथे ती विद्यापीठाशी जोडलेली होती. इंग्रजांनी ती घेतली तेव्हा वेगळे शिक्षक ठेवलेच नाहीत. ज्याला जे येतं ते त्याने बाकीच्यांना शिकवायचं, अशी छंदगटांची पद्धत बसवली, आणि ती अजून चालते आहे. क्लबसाठी मला हीच पद्धत योग्य वाटते. तुमच्या गटात मोठी लेन्स घेऊन येणारा एखादा पट्टीचा फोटोग्राफर नक्की येईल. त्याला मान द्या, पण फेरीची पहिली वीस मिनिटं दुर्बिणी नव्यांच्या हातात, आणि पक्ष्याचं नाव सांगण्याआधी 'तुम्हाला काय दिसलं' हे नव्या माणसाला विचारायचं, हे त्यालाच करायला सांगा. बहुतेक जाणकारांना हे काम मनापासून आवडतं, फक्त कुणी मागितलेलं नसतं.

दुर्बिणींचं म्हणाल तर सुरुवातीला दोन पुरतात. ८×४२ या मापाची घ्या. आठपट मोठं दिसतं आणि पुढच्या भिंगाचा व्यास बेचाळीस मिलिमीटर असल्याने पहाटेच्या कमी उजेडातही चित्र स्पष्ट राहतं. याहून जास्त पटीची नवख्याच्या हातात हलते. कुणाकडे धूळ खात पडलेली असेल तर आधी ती मागा. विकत घेण्याची वेळ आली तर क्लबच्या नावाने घ्या, म्हणजे ती कुणाची, हा प्रश्न पुढे येणार नाही.

भेटीचा साचा सापडायला वेळ लागतो हेही लक्षात ठेवा. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईच्या एका बागेत पाच जणांना घेऊन हास्य क्लब सुरू केला तेव्हा ते विनोद सांगून हसत. थोड्याच दिवसांत विनोद संपले, उरले ते कुणाला तरी बोचणारे. तेव्हा विनोद सोडून हसण्याचे व्यायाम आले, आणि मग ही चळवळ पसरली. माणसं तीच होती, बदलला तो साचा. आमच्या वाचन गटातही 'सगळ्यांनी एकच पुस्तक वाचून यायचं' हे चाललं नाही, कारण ज्याचं वाचून झालं नसे तो संकोचाने येतच नसे. 'आपापलं पुस्तक आणा आणि दहा मिनिटं सांगा' असं ठरल्यावर गट रुळला. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमातही पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे येते ती एका नाव असलेल्या समन्वयकाच्या जबाबदारीवर. पेटी सर्वांची असते, पण ती सांभाळणारं माणूस ठरलेलं असतं.

आता कार्यकारिणी. पंचवीस सह्या मागणाऱ्या सचिवांना विरोधक समजू नका. त्यांच्या जागी बसून पाहा. त्यांनी उत्साहाने सुरू झालेले आणि दोन महिन्यांत विरलेले उपक्रम पाहिलेले असतात. एका गटाला हॉल दिला की दुसरा मागतो. पहाटे सभासदांची मुलं गाडीत बसून निफाडला गेली आणि काही झालं तर पहिला फोन सचिवांना येतो. काही ठिकाणी गट म्हणजे निवडणुकीतला पॅनेल अशी शंकाही असते. सह्यांची अट ही या सगळ्या काळज्यांवरचा त्यांचा सोपा उपाय आहे. तुम्ही त्या काळज्यांना थेट उत्तर दिलंत तर सह्यांचा आकडा बहुतेक वेळा मागे पडतो.

यात बरंच काही तुमच्या क्लबच्या स्वरूपावर अवलंबून आहे. क्लब संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदलेला असू शकतो किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली. क्लबच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, उपसमिती नेमण्याचा अधिकार कार्यकारिणीला आहे की सर्वसाधारण सभेला, हे वाचल्याशिवाय एक पाऊलही टाकू नका. प्रत कार्यालयात मागितली की मिळायला हवी, तुम्ही सभासद आहात. काही घटनांमध्ये 'विभाग' आणि 'उपक्रम' यांत फरक असतो: विभागाला प्रतिनिधित्व आणि अंदाजपत्रकात तरतूद मिळते, उपक्रमाला फक्त परवानगी. तुम्ही उपक्रमच मागा. विभागासाठी पंचवीस सह्या मागणं रास्त आहे, उपक्रमासाठी ती अट घटनेत क्वचितच सापडते.

अर्ज अर्ध्या पानाचा असू द्या. त्यात पाच गोष्टी पुरतात: ऑक्टोबर ते मार्च सहा महिन्यांसाठी प्रायोगिक परवानगी, जबाबदार तीन सभासदांची नावं, हॉलची गरज फक्त पावसाळ्यात आणि तीही महिन्यातून एक तास, क्लबकडून सध्या एक रुपयाही नको, आणि मार्चअखेर लेखी अहवाल. शेवटी एक ओळ सुरक्षेची: प्रत्येक फेरीला जाणाऱ्यांची नावं आणि एका घरच्या माणसाचा नंबर आदल्या संध्याकाळी नोंदवला जाईल, प्रथमोपचाराची पेटी सोबत असेल, अठरा वर्षांखालील मुलं पालकांसोबतच येतील. हा अर्ज वाचून नाही म्हणणं कोणत्याही सचिवाला जड जातं. मार्चअखेर कारण आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. अंदाजपत्रकाची चर्चा त्याआधी होते, आणि तेव्हा तुमच्याकडे सहा याद्या आणि आलेल्यांची नावं तयार असतील. दुर्बिणीचे पैसे त्या वेळी मागा.

पैशांबाबत एकच आग्रह धरते. गटाचे पैसे कुणाच्याही खासगी खात्यात किंवा यूपीआयवर जमा करू नका, कितीही छोटी रक्कम असली तरी. वनखात्याचं शुल्क जागेवर प्रत्येकाने भरावं, गाडीचा खर्च त्या त्या गाडीतल्यांनी वाटून घ्यावा. क्लबमार्फत वर्गणी घ्यायची वेळ आली तर क्लबच्या पावतीवरच घ्या. पाहुण्यांकडून पैसे घेणार असाल तर जीएसटीचं काय ते क्लबच्या सीएला विचारून घ्या. मी पाहिलेल्या गटांमध्ये भांडणं पक्ष्यांवरून, पुस्तकांवरून कधी झाली नाहीत. झाली ती दोनशे-चारशे रुपयांच्या न मिळालेल्या हिशेबावरून, आणि ती मिटलीही नाहीत.

व्हॉट्सअॅपवर दोन वेगळे ग्रुप करा. एक फक्त सूचनांचा, ज्यात तुम्ही तिघेच लिहू शकता. दुसरा गप्पांचा, फोटोंचा. पहिल्यात महिन्याला तीन-चारच निरोप यावेत म्हणजे लोक ते वाचतात. सुप्रभात आणि राजकारण यांत फेरीची वेळ हरवली की माणूस चुकीच्या गेटवर उभा राहतो आणि पुन्हा येत नाही.

एक गोष्ट स्त्री सभासदांविषयी. पहाटेच्या फेरीला येण्याची त्यांची इच्छा असते, पण 'अजून कोण आहे' हे कळल्याशिवाय त्या हो म्हणत नाहीत, आणि ते योग्यच आहे. आदल्या संध्याकाळी येणाऱ्यांची नावं आणि कोण कुणाच्या गाडीत, हे सूचनांच्या ग्रुपवर टाकत जा. तुमच्या तिघांत एक स्त्री असेल तर फार बरं. आमच्या चालण्याच्या गटात एवढ्याशा बदलाने येणाऱ्यांचं स्वरूपच बदललं.

शहरात पक्षीमित्रांचे, सायकलस्वारांचे, ट्रेकर्सचे खुले गट आहेतच, मग क्लबात वेगळा कशाला, असं तुम्हाला कार्यकारिणीत विचारलं जाईल. उत्तर प्रामाणिक द्या: ज्याला आधीपासून येतं तो त्या गटांत जातोच. क्लबातला गट अशांसाठी आहे, ज्यांना अनोळखी जाणकारांमध्ये जाऊन 'ही चिमणी का?' असं विचारायची लाज वाटते. तुम्हाला स्वतःला दुर्मीळ पक्षी आणि जास्त चांगली संगत हवी असेल तर ती बाहेरच्या गटात शोधा, तीही जरूर शोधा, पण क्लबच्या फेरीकडून ती अपेक्षा ठेवू नका. तिथे तुम्ही यजमान आहात. एखाद्या बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा दुर्बिणीतून साधा खंड्या पाहिला आणि त्याची निळाई बघून त्यांचा श्वास थांबला, तर ती फेरी उत्तम झाली असं माना.

गट क्लबच्याही उपयोगी पडू द्या. संक्रांतीच्या आधी नायलॉन मांजाविरुद्ध क्लबातल्या मुलांशी बोलणं, दुसऱ्या दिवशी आवारातल्या झाडांवर अडकलेला मांजा माळ्याच्या मदतीने काढणं, उन्हाळ्यात पाण्याची भांडी ठेवून ती रोज धुण्याची पाळी लावणं. येवल्याच्या पतंगांचा हा जिल्हा, त्यामुळे हा विषय इथे प्रत्येक घरात कळतो. अशा एका कामाने कार्यकारिणीत तुमच्या बाजूने बोलणारी माणसं तयार होतात, आणि तुम्हाला त्यांना विनवावं लागत नाही.

तेव्हा क्रम असा लागतो: आत्ता दोन सोबती आणि घटनेची प्रत, पावसाळ्यात हॉलमध्ये किंवा कुणाच्या घरी आवाजांची एखादी बैठक, सप्टेंबरात अर्ज, ऑक्टोबरात क्लबच्या आवारात पहिली फेरी, नोव्हेंबरात पक्षी सप्ताह, थंडीत नांदूर मध्यमेश्वर, मार्चमध्ये अहवाल. मधल्या एखाद्या फेरीला पुन्हा तिघे आले तर फेरी रद्द करू नका. रद्द झालेली एक फेरी पुढच्या दोन फेऱ्यांचे लोक कमी करते, कारण मग प्रत्येक जण 'होणार आहे ना नक्की?' असं विचारून घरीच थांबतो. पण सहा महिने नियमाने चालवूनही तुम्ही आणि ते दोन सोबती सोडून कुणीच येत नसेल, तर अहवालात तसं लिहा आणि गट थांबवा. असा नीट थांबलेला गट दोन वर्षांनी पुन्हा सुरू करता येतो. नुसता विरत गेलेला मात्र सचिवांच्या लक्षात राहतो आणि तुमच्यानंतर येणाऱ्याला पंचवीसऐवजी पन्नास सह्या मागितल्या जातात.

आणि गट चालला, तर पहिल्या वर्षअखेरीला संयोजकपद सोडा. त्या दोघांपैकी एकाकडे द्या, तुम्ही फेरीला येत राहा. हे आत्ताच, अर्जाच्या वेळीच तिघांत ठरवून टाका, कारण गट रंगात आल्यावर हे पद सोडणं कुणालाच सोपं जात नाही. वही, यादी, वनखात्याच्या चौकीचा नंबर, गाइडचा नंबर, दुर्बिणी कुठल्या कपाटात आहेत, हे सगळं एका कागदावर लिहून क्लबच्या कार्यालयात फाइलला लावा. अर्जाचा मसुदा तयार झाला की इथेच टाका. त्यातली क्लबची ओळख काढून टाका म्हणजे झालं, मी वाचून सुचवण्या देईन.